बोटांना लोकर कळेना

सुई हातातून पडली तेव्हा मला वाटलं, घाम आलाय.

दुपारचा क्लास चालू होता. बिबवेवाडीतल्या आमच्या घराच्या हॉलमध्ये मी बरीच वर्षं विणकाम आणि क्रोशा शिकवते. त्या दिवशी पाच-सहा जणी होत्या. एक रुखवतासाठी क्रोशाचा रुमाल करत होती, दुसरी बाळाचं टोपडं, आणि शबाना नवऱ्यासाठी बिनबाह्यांचा स्वेटर. शबानाचं बांगड्यांचं दुकान कसबा पेठेत आहे, माझ्या मिस्टरांच्या चष्म्याच्या दुकानाला लागून. तिला गळ्याचे टाके कमी करून दाखवत होते आणि सुई खाली पडली. उचलली, पुन्हा पडली.

"मीनाताई, चहा घ्या जरा," शबाना म्हणाली.

बोटांच्या टोकांना सकाळपासून मुंग्या येत होत्या. आदल्या आठवड्यात जुलाब झाले होते, त्याचाच अशक्तपणा असेल असं मी धरून चालले. आयुष्यभर विणत आल्यावर बोटांना मुंग्या आल्या तर त्यात नवल काय. चहा घेतला. कप दोन्ही हातांनी धरावा लागला, हे मी कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालायला गेले तर पायातली चप्पल मागेच राहिली. ती पायातून निघाल्याचं मला कळलंच नव्हतं. संध्याकाळपर्यंत खुर्चीतून उठता येईना.

हे मी एवढं बारीक लिहिते आहे ते एवढ्यासाठीच, की तुमच्या घरात कुणाच्या हातापायांना अशा मुंग्या येऊन वरवर चढायला लागल्या तर चहा पाजत बसू नका. रिक्षा बोलवा.

नाव कळलं तो दिवस

डॉक्टरांनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली, तोही हलला नाही. तरुण डॉक्टर होते. त्यांनी हातोडी खिशात ठेवली आणि माझ्याशी बोलायच्या ऐवजी मिस्टरांकडे बघितलं. तिथेच मला कळलं की हे साधं नाही.

"जीबीएस म्हणतात याला," ते म्हणाले. "पोटातला संसर्ग होऊन जातो, पण शरीर त्याच्याशी लढता लढता स्वतःच्याच नसांवर उलटतं. पाय जातात, मग हात. बहुतेक पेशंट बरे होतात. वेळ लागतो."

"किती?" माझी मुलगी रेवती. ती हिंजवडीला नोकरी करते, तिला प्रत्येक गोष्टीची डेडलाइन लागते.

"ते सांगता येत नाही. सध्या आपलं लक्ष श्वासावर आहे."

मग त्यांनी मला एका दमात आकडे म्हणायला सांगितलं. मला हसू आलं. टाके मोजण्यात माझा जन्म गेलाय. मी भराभर पुष्कळ लांब गेले, अगदी ऐटीत. दुपारी पुन्हा म्हणायला लावले तेव्हा विसाच्या आसपास अडकले. संध्याकाळी दहाच्या आत दम संपला आणि पुढचा आकडा तोंडात नुसताच राहिला.

"मीना, पुन्हा म्हण," हे म्हणाले. "घाई केलीस तू."

मी घाई केली नव्हती. आम्ही दोघंही एकमेकांची नजर चुकवत होतो. थोड्या वेळाने मला आयसीयूत नेलं, घशात नळी घातली आणि माझा आवाज गेला.

आत

सगळ्यात वाईट काय होतं असं लोक विचारतात. दुखणं होतंच. पायांत कुणी निखारे भरल्यासारखं होत होतं. पण त्याहून वाईट हे होतं, की डोकं लख्ख होतं. मला सगळं ऐकू येत होतं, सगळं समजत होतं आणि माझं एक बोटही हलत नव्हतं. चेहराही गेला होता. पापण्या जेमतेम मिटायच्या आणि डोळे वर-खाली व्हायचे. मी तेवढीच उरले होते.

हलता न येणाऱ्या माणसासमोर लोक काहीही बोलतात. मला बेडच्या नंबरावरून ओळखायचे. माझ्या अंगावरून हात पुढे करून दोघं जण क्रिकेटबद्दल बोलायचे. छताला एक ट्यूबलाइट होती. तिच्या पट्टीला एक तडा होता. बाकी बघायला काही नव्हतं. दर काही तासांनी घशातला कफ ओढून काढायचे, तेव्हा जीव गेल्यासारखा व्हायचा आणि तो गेलेला नसायचा.

मी मनातल्या मनात विणायचा प्रयत्न केला. तुम्हाला वाटेल त्याने आधार मिळाला असेल. मलाही वाटलं होतं. एक साधा स्वेटर घ्यायचा, खालची पट्टी एक सुलट एक उलट, आणि रोज थोडा पुढे न्यायचा. पण मनातसुद्धा माझ्या हातातून सुई पडायची. पट्टी पुरी व्हायच्या आधीच टाके निसटायचे, आणि मी ते उचलायला मनातसुद्धा वाकू शकत नव्हते. दोन-तीनदा करून बघितलं आणि सोडून दिलं. ज्यांना अशा वेळी कलेचा आधार मिळतो ते भाग्यवान. मला तो मिळाला नाही, म्हणून मी काही कमी पडले असंही आता मी मानत नाही.

एक आधार मात्र होता, अनिता सिस्टर. येरवड्याहून यायची. ती कुठलीही गोष्ट करायच्या आधी मला सांगायची. "काकू, आता कूस बदलते हं. गार लागेल, स्पंज करतेय." हे सांगायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी क्लास घेते हे कळल्यावर ती माझ्याशी त्यावर गप्पाही मारायची, मी उत्तर देतेय असं धरून.

"काकू, माझ्या भाचीला साखळी छान जमते, पण खांबाचे टाके घालायला गेलं की सगळं आवळून येतं. दोरा जास्त ओढत असेल ना? असंच ना? मी सांगते तिला."

मी मनात म्हणायचे, हो, तिला सांग, बोट सैल सोड. दिवसभरात तेवढा वेळ मी माणूस असायचे.

अक्षरं

माझ्याशी बोलायची युक्ती मिस्टरांनी काढली. अरविंद त्यांचं नाव. ते दुकानातून डोळे तपासायचा तक्ता घेऊन आले, वर मोठी अक्षरं आणि खाली बारीक होत जाणारी. पण त्यावर मोजकीच अक्षरं होती, त्यांतून शब्द काही होईना. मग त्यांनी घरी बसून एका पुठ्ठ्यावर जाड काळ्या पेनाने सगळी मुळाक्षरं लिहिली, खाली काना, मात्रा, वेलांट्या. ते बोट फिरवायचे. हवं ते अक्षर आलं की मी डोळे वर करायचे.

पहिला शब्द मी सांगितला तो 'पाय'. ते खूश झाले आणि माझे पाय चेपायला लागले. आगीत तेल ओतल्यासारखं झालं. मला अंगावरची चादर पायांवरून काढायला हवी होती, तिचा स्पर्शही सहन होत नव्हता. ते प्रेमाने चेपत राहिले आणि मी ट्यूबलाइटकडे बघत राहिले. असं रोज व्हायचं. अर्ध्या शब्दावरच ते अंदाज बांधायचे आणि तो चुकायचा.

मग मला न्यूमोनिया झाला. ताप उतरेना. गळ्याला बाहेरून छिद्र पाडून नळी बसवायची असं डॉक्टरांनी ठरवलं. यांनी कागद रेवतीपुढे सरकवला आणि तिने सही केली. नळी बसली आणि मी शुद्धीवर आले तेव्हा माझ्यात काही म्हणजे काही शिल्लक नव्हतं. नीट होण्याची इच्छा नव्हती. घर आठवत नव्हतं. हे सगळं थांबावं, एवढंच वाटत होतं.

भेटायच्या वेळी हे आले, पुठ्ठा समोर धरला. "बोल, मीना."

मी स सांगितला. मग त्याला काना आणि मात्रा. मग ड. मग काना.

'सोडा.'

ते बराच वेळ पुठ्ठ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सोडा? पोटात जळजळतंय का?"

मी डोळे खाली केले. नाही. पुन्हा खाली केले.

"सिस्टर," त्यांनी हाक मारली, "हिला सोडा प्यायचाय."

अनिता सिस्टरने समजावलं की मी तोंडाने काही घेऊ शकत नाही, पोटाचं औषध नळीतून चालू आहेच. तरी ते बाहेर गेले आणि कोपऱ्यावरच्या टपरीवरून सोड्याची बाटली घेऊन आले. सिस्टरला त्यांची दया आली असावी. तिने कापसाचा बोळा त्यात बुडवून पिळला आणि माझ्या ओठांवरून फिरवू दिला. ओठांवर बारीक बारीक टोचलं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. यांनी रुमालाने ते पुसलं आणि म्हणाले, "तिखट असतो जरा."

मला त्यांचा इतका राग कधी आला नव्हता. एवढ्या वर्षांच्या संसारात मी एकच गोष्ट मागितली आणि या माणसाने मला सोडावॉटर आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी रेवतीला ते कळलं. माझ्या पायाशी उभं राहूनच दोघांचं जुंपलं.

"बाबा, ती ड्रिंक मागत नव्हती. तुम्हाला सीरियसली कळत नाहीये का?"

"तिला ॲसिडिटी होते. आधीपासून होते."

"बाबा."

"मला शिकवू नकोस. मी तिच्याबरोबर तुझ्याआधीपासून राहतोय."

ते बाहेर निघून गेले. रेवती माझ्या उशाशी आली. लहानपणी चूक कबूल करायला यायची तशी खाली मान घालून उभी राहिली. मग म्हणाली, "आई, मला कळलं तू काय म्हणालीस. आम्ही तसं काही करणार नाही. पण मला कळलं."

तिने माझी समजूत घातली नाही. तू बरी होणार असंही म्हणाली नाही. मला वाटतं, त्या दिवशी मी एवढ्यावरच तगले. इच्छा परत आली नाही, पण ती नाही हे कुणाला तरी माहीत होतं.

घरी

पुढे औषधं लागू पडली. ताप उतरला. खांदा आधी हलला, मग मान. एक दिवस डॉक्टर म्हणाले की व्हेंटिलेटरशिवाय थोडा वेळ राहून बघू, आणि मी राहिले. बाहेरून हे चमत्कारासारखं दिसतं. आतून ते फार कंटाळवाणं आणि अपमानाचं असतं. लंगोट बदलून घेणं, पाचव्यांदा पाणी मागणं, सगळ्यांना 'आज खूप छान दिसताय' असं म्हणू देणं.

हॉस्पिटलसारखी लोखंडी कॉट भाड्याने आणून हॉलमध्येच टाकली, जिथे क्लास भरायचा. समोर काचेचं कपाट. त्यात रंगांप्रमाणे लावलेली लोकर, सुयांचे जोड, क्रोशाच्या सुया, रुखवतासाठी केलेली मण्यांची तोरणं, कापडाच्या बाहुल्या. दिवसभर मी त्या कपाटाकडे तोंड करून पडलेली. हात उचलला तरी बोटं लोंबायची, ओल्या मोज्यांसारखी.

भेटायला येणारी प्रत्येक बाई तेच म्हणायची. "आता विणायला घ्या, मन रमेल." एकीने तर गुलाबी लोकर आणली. मी गोड बोलले, ती गेली आणि मग मी यांना म्हणाले, "ते सगळं कपाट रिकामं करा. कुणाला तरी देऊन टाका. मला ते बघायचं नाही."

हे भाजी निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "द्यायचं असेल तर तू उठून दे. मी कशाला देऊ."

मी त्यांना नको नको ते बोलले. नुकताच आवाज परत आला होता, तो सगळा त्यावरच खर्च केला. त्यांनी माझ्या तोंडाला पेजेचा चमचा लावला तर मी पेज थुंकून टाकली. ते उठले, अंगावर पडलेली पेज पुसली आणि दाराबाहेर जिन्यात जाऊन बसले. शेजारच्या काकांनी काहीतरी विचारलेलं ऐकू आलं, आणि यांचं उत्तर, "नाही हो, जरा हवेला बसलोय." आमच्या जिन्यात हवा कधीच नसते.

ज्यांच्या घरात असं आजारपण आहे त्यांना सांगते, हे होतं. सेवा करणारा माणूस जिन्यात जाऊन बसतो. त्याला बसू द्या.

ते आत आले तेव्हा मी म्हणाले, "तेव्हाच सोडलं असतं तर तुमचीही सुटका झाली असती. मी सांगितलं होतं. तुम्हाला वाचता आलं नाही."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला. दुकानात ते कुणालाही असं करू देत नाहीत, काचेवर ओरखडे येतात म्हणून.

"वाचलं होतं," ते म्हणाले. "अक्षरं वाचून घेण्याचाच धंदा आहे माझा."

"मग?"

"मग काय. मला सोडाच आणता येत होता. तेवढा आणला."

थोड्या वेळाने त्यांनी पेज गरम करून आणली आणि मी ती खाल्ली.

साखळी

फिजिओथेरपीची मुलगी यायची. ती वाडग्यातले राजमे एकेक उचलून दुसऱ्या वाडग्यात टाकायला लावायची. दोरीवर कपड्यांचे चिमटे लावायचे. कणकेचा गोळा दाबायचा. मी कणकेवर बोटं ठेवायचे आणि कणीक तशीच राहायची. मग शबानाने तिच्या परीने भर घातली. दुकानातल्या फुटक्या-तुटक्या बांगड्या वेगळ्या काढून चांगल्या बांगड्यांची पिशवी आणली, म्हणाली, "रंगांप्रमाणे लावा. माझं कामही होईल." ती मला मन रमवायला सांगत नव्हती, हे मला आवडलं. ती तिचं काम माझ्या गळ्यात मारत होती.

असेच दिवस जाता जाता अंगठा आणि पहिलं बोट जुळायला लागलं. मग एका सकाळी मी यांच्याकडून सगळ्यात जाड क्रोशाची सुई मागून घेतली. ती गुलाबी लोकरही. तिच्या गाठीपासून सुरुवात करून मी साखळी घालायला घेतली. क्रोशामधली ही पहिली गोष्ट. माझ्या क्लासला आलेली नववीतली मुलगी ती पहिल्या दिवशी शिकते.

मला लोकर लागेना. बोटांत धरलेली दिसत होती, पण तिथे काही आहे असं बोटांना कळत नव्हतं. मऊ की खरखरीत, सैल की ताठ, काही नाही. पूर्वी मी टीव्ही बघत, बोलत, अंधार पडला तरी दिवा न लावता विणायचे. आता प्रत्येक टाक्याकडे टक लावून बघावं लागत होतं, दुसऱ्याचे हात बघावेत तसं. वीतभर साखळी झाली. एक टाका मोठा, एक आवळलेला, मध्ये दोन सुटलेले. मी ती उसवली. उसवताना मात्र रडू फुटलं, कारण उसवायला मला काहीच कष्ट पडले नाहीत.

तेव्हापासून मी रोज थोडी साखळी घालते. आता खांबही जमतात. डॉक्टर म्हणतात, टोकांची जाणीव कदाचित आणखी थोडी परत येईल, कदाचित नाही. क्लास शबाना घेते, मी शेजारी खुर्चीत बसून चुका सांगते. तिचे गळे अजून चुकतात. माझं पूर्वीचं विणकाम मात्र संपलं. हे लिहायला मला फार वेळ लागला आहे. कुणीतरी हे वाचून म्हणेल, जीव वाचला हे काय कमी आहे. कमी नाही. पण जे गेलं तेही गेलंच आहे, आणि त्यासाठी रडायला मी कुणाची परवानगी मागत नाही.

परत आत

मध्यंतरी तपासणीला हॉस्पिटलमध्ये गेले होते, वॉकर घेऊन. कॉरिडॉरमध्ये अनिता सिस्टर भेटली. तिने मला घट्ट धरलं आणि मग जरा संकोचून विचारलं, "काकू, आत याल का? तुमच्यासारखीच एक बाई आहे. तिचे मिस्टर फार खचलेत."

दाराशी बाकावर ते बसलेले होते. चाळिशीचे असतील, दाढी वाढलेली. माझ्याकडे, माझ्या वॉकरकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघितलं. "ताई, तुम्ही चालत आलात ना, तेवढं फक्त तिला दाखवा," ते म्हणाले. "बरी होणार म्हणून सांगा. माझ्यावर तिचा विश्वास नाही."

मी आत गेले. तोच वास, त्याच यंत्रांचे आवाज. सिस्टर माझ्या मागोमाग आली. बाई तरुण होती. तोंडात नळी, डोळे छताला. मी तिच्या नजरेच्या टप्प्यात जाऊन उभी राहिले. तू बरी होशील, हे वाक्य मी तोंडात तयार ठेवलं होतं. ते बाहेर येईना. मला ते वाक्य किती जणांनी ऐकवलं होतं, आणि प्रत्येक वेळी माझं काहीतरी दुखत असायचं.

तिचं डोकं एका कुशीला कललेलं होतं. मी वाकून बघितलं.

"कान दुमडलाय का गं उशीखाली?" मी विचारलं. "असेल तर डोळे मीट."

तिने डोळे मिटले. घट्ट, आणि उघडायलाच तयार नाही.

सिस्टरने तिचं डोकं जरासं उचललं आणि मी कान सोडवला. लालभडक झाला होता. माझ्या बोटांना तो लागला नाही, मला बघत बघत तो सरळ करावा लागला. तिने डोळे उघडले तेव्हा ती छताकडे बघत नव्हती.

मी बाहेर आले. तिचे मिस्टर बाकावरून उठले.

"काही म्हणाली का?"

"हो. कान दुखत होता तिचा."

त्यांना आधी समजलं नाही. मग ते पुन्हा खाली बसले. "मी रोज तिच्या कानाशी बसून देवाचं नाव घेतो," ते म्हणाले. "रोज. त्याच कानाशी."

"घ्या की," मी म्हणाले. "पण आधी कान बघत जा."